पहिल्यांदा क्रूझला निघताय? मुंबईहून निघणाऱ्यांसाठी बुकिंगपासून परत धक्क्याला लागेपर्यंत

क्रूझचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कितीला पडतं. माझं म्हणणं असं की त्याच्या आधी कोण कोण येणार आहे ते कागदावर लिहून काढा. दोघंच नवरा-बायको असाल तर कुठलीही केबिन, कुठलाही महिना, निभावून जातं. पण आपल्याकडे पहिली क्रूझ बहुतेक वेळा आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून, नाहीतर सासूबाईंची पंच्याहत्तरी म्हणून, चुलत-मावस धरून पंधरा माणसं मिळून केलेली असते. त्यात गुडघे दुखणारी आजी असते, दीड वर्षाचं बाळ असतं, आणि ज्याला एसटीत बसलं की घाट सुरू व्हायच्या आधीच मळमळतं असा एक काका असतो. सगळे निर्णय या तिघांकडे बघून घ्या, बाकीचे कुठेही मजेत राहतात.

स्टेप १: पहिली ट्रिप छोटी आणि घराजवळून

दोन किंवा तीन रात्रींची, मुंबईहून निघून मुंबईलाच परत येणारी ट्रिप घ्या. समुद्र आपल्याला मानवतो का, आईबाबांना ते आवडतं का, हे दोन रात्रींत कळतं, आणि नाहीच जमलं तर तिसऱ्या दिवशी आपण घरी. डायरेक्ट सिंगापूर नाहीतर दुबईला विमानाने जाऊन तिथून पाच रात्रींची क्रूझ घेणारे लोक आहेत, पण त्यात व्हिसा आला, विमान आलं, डॉलरमधली बिलं आली, पहिल्याच वेळी एवढं सगळं एकत्र कशाला.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस नावाचं जहाज २०२१ पासून फिरतंय, गोवा, कोची, लक्षद्वीप असे रूट असतात आणि एक नुसतं समुद्रात जाऊन परत येणारी वीकेंडची ट्रिप असते. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्सला बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. हे सांगायचं कारण म्हणजे यूट्यूबवर जी वीस मजल्यांची, वॉटरपार्कवाली जहाजं दिसतात ती डोक्यात ठेवून जाऊ नका. हे अकरा डेकचं, म्हणजे अकरा मजल्यांचं, मध्यम जहाज आहे, जुन्या बांधणीचं, केबिन लहान. त्याचा एक फायदाही आहे, सगळं जवळ जवळ असतं आणि म्हाताऱ्या माणसांना मैलभर कॉरिडॉर चालावा लागत नाही.

महिना मात्र नीट निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र सगळ्यात शांत असतो. एप्रिल-मेमध्ये उकाडा, आणि मेच्या शेवटाला समुद्र खवळायला लागतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर क्रूझचा विचारच करू नका, कोळी लोक दोन महिने बोटी उगाच वर काढून ठेवत नाहीत.

स्टेप २: केबिन निवडणं (यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा)

केबिन साधारण चार प्रकारच्या असतात, आतली म्हणजे खिडकी नसलेली, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि स्वीट म्हणजे सगळ्यात मोठी. आतली सगळ्यात स्वस्त, आणि तरुण मंडळींना चालते कारण ते झोपायलाच खोलीत येतात. ज्येष्ठांसाठी खिडकीवाली घ्या. दिवे मालवल्यावर आतल्या केबिनमध्ये दिवस की रात्र ते कळत नाही, आणि ज्यांना बंद जागेत जीव घाबरा होतो त्यांना तिथे झोप लागत नाही.

प्रकारापेक्षाही महत्त्वाची जागा. एसटीत मागच्या सीटवर बसलं की कसे दणके बसतात आणि मधल्या सीटवर कमी बसतात, जहाजाचं तसंच आहे, मध्यभागी आणि खालच्या डेकवर हलणं सगळ्यात कमी, एकदम पुढे, एकदम मागे आणि उंच डेकवर जास्त. ज्यांना गाडी लागते त्यांना मधली खालची केबिन द्या, बाकी काही मिळालं नाही तरी चालेल. आणि बुक करण्याआधी वेबसाइटवर डेक प्लॅन उघडून बघा की आपल्या केबिनच्या बरोबर वर किंवा खाली काय आहे. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो आणि शेजारी डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत ढुम ढुम. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती केबिन उत्तम.

आता ही गोष्ट एजंट स्वतःहून सांगत नाहीत म्हणून लक्ष देऊन वाचा. चार जणांची केबिन म्हणजे खाली दोन बेड आणि भिंतीतून उघडणारे वरचे दोन बर्थ, ट्रेनच्या अपर बर्थसारखे, शिडी लावून चढायचं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी पडतं म्हणून लोक आजी-आजोबा आणि दोन नातवंडं अशी एक केबिन घेतात, तिथपर्यंत ठीक. पण चार मोठी माणसं एका केबिनमध्ये म्हणजे बॅगा ठेवायलाही जागा उरत नाही आणि बाथरूम तर एवढं छोटं असतं की एका माणसाने आत वळायचं म्हटलं तरी कोपर लागतं. शक्य असेल तर शेजारी शेजारी दोन केबिन घ्या. बाथरूमला उंबरठा असतो, तो आईबाबांना पहिल्याच दिवशी दाखवून द्या, रात्री झोपेत उठून जाताना ठेच तिथेच लागते.

एकट्याने जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, भाडं दोन माणसांच्या हिशोबाने असतं, एकट्याला केबिन हवी तर जवळपास दुप्पट भरावं लागतं.

स्टेप ३: पैसे

जाहिरातीतला आकडा हा माणशी असतो आणि त्यात जीएसटी, पोर्टचे चार्जेस, सर्व्हिस चार्ज किंवा टिप धरलेली नसते. पेमेंटच्या शेवटच्या पानावर जो आकडा येतो तोच खरा, तुलना करायची तर तिथपर्यंत जाऊन करा. भाड्यात केबिन, मुख्य रेस्टॉरंट आणि बुफेचं जेवण आणि बहुतेक शो येतात. दारू, कोल्ड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा, वायफाय, फोटोग्राफरने काढलेले फोटो, गोव्यातली सहल, हे सगळं वेगळं.

जहाजावर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड देतात, तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट, खर्च त्यावर चढत जातो आणि शेवटी हिशोब होतो. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या किंवा मर्यादा घालून घ्या, रिसेप्शनला सांगितलं की करून देतात. आणि रोज रात्री एकदा आपला हिशोब बघा, चुकून चढलेली एंट्री त्याच दिवशी सांगितली तर दुरुस्त होते, शेवटच्या सकाळी रिसेप्शनला एवढी रांग असते की कुणी तुमचं शांतपणे ऐकून घेत नाही.

फोनचं बिल हा वेगळाच विषय आहे. किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं, आणि काही जहाजांवर सॅटेलाइटवरून चालणारं समुद्रातलं नेटवर्क असतं, ते फोन आपोआप पकडतो आणि त्याचे दर भयंकर असतात. किनारा दिसेनासा व्हायला लागला की फोन एअरप्लेन मोडवर टाका, घरातल्या सगळ्यांचे, आजोबांचासुद्धा. मग वायफाय हवं तर वेगळं चालू करा.

स्टेप ४: कागदपत्रं

देशातल्या देशात जाताना सरकारी फोटो ओळखपत्र लागतं, आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र असं, आणि मूळ प्रत न्या. मोबाईलमधला फोटो दाखवून गेटवर वाद घालणारी कुटुंबं दिसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव सारखं आहे का ते बुकिंग करतानाच बघा, आपल्याकडे लग्नानंतरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आधी की नंतर, यात हमखास घोळ असतो. वेब चेक-इन आधी करावंच लागतं, ते शेवटच्या रात्रीवर टाकू नका.

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परमिट लागतं, ते कंपनी काढून देते पण तुमचे कागद त्यांच्याकडे वेळेत पोचले तरच. म्हणून लक्षद्वीपची ट्रिप आयत्या वेळी ठरवू नका.

गरोदर बाई बरोबर असेल तर आधी विचारा. चोवीस आठवडे पूर्ण झाले असतील तर बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळही बहुतेक ठिकाणी चालत नाही.

पुढे कधी सिंगापूरहून क्रूझ घेतलीत तर जहाज मलेशिया-थायलंड करून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता, तर व्हिसा एकापेक्षा जास्त एंट्रीचा आहे का ते तपासा.

स्टेप ५: बॅग

मोठी बॅग टर्मिनलवर टॅग लावून द्यायची असते आणि ती केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून रोजच्या गोळ्या, चष्मा, बाळाचं सगळं, एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे हे खांद्यावरच्या बॅगेत. बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका.

न्यायचं नाही ते: इस्त्री, चहाची इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, दारू. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी असते त्यामुळे या गोष्टी स्कॅनरमध्ये दिसल्या की काढून घेतात. घरचं शिजवलेलं जेवण नेऊ देत नाहीत, दशम्या-चटणीची तयारी करत असाल तर थांबा. पॅकबंद खाऊ आणि बाळाचं खाणं किती चालतं ते कंपनीच्या नियमात बघा. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, फक्त जैन हवं असेल तर बुकिंगलाच नोंदवून ठेवा.

न्यायचं ते: न घसरणारी चप्पल, कारण डेक ओला असतो. शाल किंवा पातळ स्वेटर, डिसेंबरात रात्री वरच्या डेकवर वारा बोचतो आणि खाली एसी जोरात असतो. पूलसाठी नायलॉनचे कपडे, सुती कपड्यांत उतरू देत नाहीत. टॉयलेटला जेट स्प्रे असेलच असं नाही त्यामुळे एक छोटा मग टाका. आणि फ्रिजवर लावायचं एखादं मॅग्नेट, केबिनची दारं लोखंडी आणि सगळी एकसारखी असतात, आपल्या दाराला मॅग्नेट लावलं की मुलांना आणि आजीला दार लगेच ओळखता येतं.

स्टेप ६: बोट लागू नये म्हणून

शांत समुद्रात मोठं जहाज इतकं कमी हलतं की बऱ्याच जणांना काहीच होत नाही, तरी तयारी असू द्या. ॲव्होमिनसारख्या गोळ्या आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत, पण त्या उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, जहाज हलायच्या आधी घ्यायच्या. त्यांनी झोप येते, त्यावर दारू अजिबात घ्यायची नाही, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी आईबाबांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, बाकीच्या औषधांबरोबर चालेल का तेही विचारा.

मळमळायला लागलंच तर माणसं केबिनमध्ये जाऊन झोपतात आणि त्याने वाढतं, खास करून आतल्या केबिनमध्ये. उलट उघड्या डेकवर, जहाजाच्या मध्याशी यायचं, लांब क्षितिजाकडे बघायचं, मोबाईल खिशात ठेवायचा. आलेपाक, सुकी बिस्किटं, थोडं थोडं पाणी. पोट रिकामं ठेवू नका आणि बुफे दिसला म्हणून तट्ट भरूही नका. बहुतेकांच्या शरीराला एक-दोन दिवसांत सवय होते.

बुफेचा विषय निघालाच आहे तर, हात साबणाने धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका. जहाजांवर जुलाब-उलट्यांची जी साथ पसरते ती बहुतेक नोरोव्हायरसची असते आणि त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

स्टेप ७: निघायचा दिवस

विदर्भ, मराठवाडा, कोल्हापूर, कुठूनही लांबून येत असाल तर आदल्या दिवशी मुंबईत या. ट्रेन चार तास लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. पुण्याची मंडळी सकाळच्या डेक्कन क्वीनने साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला उतरतात, दुपारचं चेक-इन असेल तर ते जमतं. रविवारी लोकलने येणार असाल तर मेगाब्लॉक बघून निघा. टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे, सीएसएमटीहून टॅक्सी करा, पण कुठल्या गेटने जायचं ते तिकिटावर बघून ड्रायव्हरला सांगा, पोर्टला गेट बरीच आहेत आणि बॅगा घेऊन एका गेटवरून दुसऱ्यावर उन्हात चालणं म्हाताऱ्यांना झेपत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगलाच सांगून ठेवा.

जहाजावर चढलात की बुफेकडे पळायच्या आधी एक काम करा. कार्डावर तुमचं मस्टर स्टेशन लिहिलेलं असतं, म्हणजे संकटात जिथे जमायचं ती जागा. केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने सगळ्यांनी एकदा चालत जा, लिफ्टने नको, कारण खऱ्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. नंतर ड्रिल होते, म्हणजे संकटात काय करायचं त्याचा सराव, तीही मन लावून करा. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा, मुलांनाही पाठ करून घ्या. लोक ड्रिलच्या वेळी सेल्फी काढत उभे असतात ते मला बघवत नाही. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली, आणि त्या रात्री नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता ड्रिल जहाज निघायच्या आधी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते.

फोन लागत नसल्यामुळे चुकामूक फार होते. एक जागा आणि वेळ ठरवून टाका, समजा दर दोन तासांनी पूलच्या डाव्या जिन्याशी.

स्टेप ८: जहाज सुटताना वर असा

यासाठी मात्र सगळं सोडून वरच्या डेकवर या. बॅलार्ड पियरहून निघाल्यावर आधी उजव्या बाजूला उभं राहायचं, गेटवे आणि ताज समुद्राकडून दिसतात, मग कुलाबा, मग शेवटी खडकांवर उभा असलेला प्रॉंग्जचा दीपस्तंभ, १८७५ पासूनचा. तो मागे पडला की डाव्या बाजूला या. दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे राहतो, आणि उजेड असेल तर पहिल्यांदा खांदेरीचा किल्ला दिसतो, पलीकडे उंदेरी. अंधार पडला असेल तर खांदेरीवरचा दिवा लुकलुकताना दिसतो, त्या बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चारही किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, आणि मुंबई-गोवा जाणारं जहाज या चारांच्या समोरून जातं. बाकीचे रात्रीच्या अंधारात निघून जातात, पण नकाशा डाउनलोड करून ठेवला तर जीपीएसवर कळतं की आत्ता आपण हर्णेसमोर आहोत, आत्ता विजयदुर्गसमोर. मुलांना हे दाखवा. आणि घरात कुणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटीने गेलेलं असेल तर त्यांना डावीकडे खुर्ची टाकून द्या आणि शेजारी बसा, बाकीचे शो नंतर बघता येतात. परतीला हाच किनारा उजवीकडे येतो.

स्टेप ९: उतरायचं ठिकाण

गोव्याला जहाज मुरगावला लागतं, म्हणजे वास्कोजवळ, पणजीला नाही. तिथून पणजी साधारण ३० किलोमीटर आणि कळंगुट-बागा त्याहून पुढे. हातात सहा-सात तास असतील तर उत्तर गोव्याच्या नादी लागू नका. एक तर बोगमाळो बीच आणि वाटेतलं नौदलाचं विमान म्युझियम करा, ते सोमवारी बंद असतं, नाहीतर मंगेशी-शांतादुर्गा करून फोंड्यात जेवून परत या. एकच दिशा धरा.

परत चढायची वेळ ही जहाज सुटायच्या वेळेच्या आधीची असते, ती कार्डबरोबरच्या कागदावर लिहिलेली असते, तिच्या तासभर आधी पोर्टवर या. कंपनीच्या सहलीने गेलात आणि बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबणार नाही. गोव्यात घेतलेली दारू गेटवर जमा करून घेतात, शेवटच्या दिवशी परत देतात.

लक्षद्वीपला धक्क्याला लागणं नसतं. प्रवाळामुळे मोठं जहाज बेटाजवळ येऊ शकत नाही, ते बाहेर नांगरतं आणि छोट्या बोटीने नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायला खलाशी हात देतात, तरी गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी हा भाग झेपेल का ते बुकिंगच्या आधीच विचारात घ्यावा. समुद्र उठला तर उतरणं रद्द होतं आणि तो निर्णय कॅप्टनचा, त्यावर भांडून काही होत नाही. तिथे बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे, आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मुलांच्या खिशांकडे लक्ष ठेवा.

स्टेप १०: शेवटची रात्र आणि सकाळ

मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात, तर सकाळचे कपडे, गोळ्या आणि ओळखपत्र बाहेर काढून मगच बॅग बंद करा. सकाळी डेकनुसार सोडतात, सगळ्यांना उतरायला दोन-अडीच तास सहज लागतात, त्यामुळे परतीची ट्रेन दुपारनंतरची घ्या. उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, अंघोळ करताना जास्त, आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत, आणि दोन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. हिशोबाचा कागद जपून ठेवा, कार्डावर आगाऊ भरलेले पैसे परत यायला वेळ लागतो, ते आले का हे पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये बघा.